खरवडलेला बाप

खुंटामामांकडे राग आला की मुक्कामालाच यायचा. इतर माणसं रागावतात, चार शब्द बोलतात, चहा घेतात आणि विसरून जातात. मामा चहा घेताना जास्त तापायचे, कारण घोटाघोटाला त्यांना आणखी एखादं कारण आठवायचं.

खुंटा हे नाव त्यांना मालधक्क्यावर पडलं. तेव्हा ते हमाली करत. एकदा पाठीवर पोतं घेऊन फळीवरून गाडीत चढत होते, फळीखाली दुसरा हमाल वाकून काहीतरी शोधत होता, आणि कुठून तरी एक गांधीलमाशी येऊन थेट मामांच्या नाकावर बसली. पोतं टाकावं तर खालच्याची मान मोडणार. मामा हलले नाहीत. माशीने नाकावर येरझाऱ्या घातल्या, एकदा नाकपुडीत डोकावून आत कोणी आहे का पाहिलं, आणि कंटाळून निघून गेली. खालचा हमाल बाहेर आला, वर बघून म्हणाला, "अरे, हा माणूस आहे की खुंटा?" झालं. त्यांचं खरं नाव पुढे मुकादमालाही आठवेना. माशीवर मात्र मामा पुढे कितीतरी वर्षं चिडून होते. म्हणायचे, "मेली चावली तरी असती! नुसतं बघून गेली."

गुडघ्यांनी दगा दिल्यावर हमाली सुटली. मामा घरात बसले आणि मामींचा जीव मेटाकुटीला आला. भांडं कुठे ठेवलं, खिडकी का उघडली, शेजारी मोठ्याने का हसला, प्रत्येक गोष्टीवर मामांचं मत असायचं आणि ते मत कडूच असायचं. अशात एक दिवस त्यांची भाची आली. ती गावातल्या चित्रशाळेत झाडलोट करायची, स्टुलं मांडायची.

"मामा, आमच्याकडे एक काम आहे. नुसतं बसायचं."

"नुसतं बसायला माणूस कशाला लागतो? दगड ठेवा."

"दगडाला नाक नसतं, मामा."

"जा की हो," आतून मामी म्हणाल्या. "घरी बसून माझं डोकं खाता. तिथे बसून कुणाचं तरी भलं करा."

असे खुंटामामा चित्रशाळेत माणसाचं चित्र शिकणाऱ्यांपुढे बसायला लागले. आणि बसले म्हणजे काय बसले! त्यांच्याआधी जो बसायचा तो डुलक्या काढायचा. त्याच्याआधीच्याला खाज सुटायची. मामा एकदा बसले की बसले, भिंतीवरचं घड्याळ हलेल पण मामा हलणार नाहीत. सगळी शाळा भाचीचं ऐकून त्यांना मामाच म्हणायला लागली.

खोली लांबट होती. एका बाजूला उंच खिडक्या, दुसऱ्या बाजूला रंगाचे डाग पडून पडून शेतासारखी दिसणारी भिंत. मधे फळ्यांचा ओटा, ओट्यावर खुर्ची. भोवती कॅनव्हास टेकवायचे लाकडी ईझल, आणि सगळीकडे जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास. मामी म्हणायच्या, "हे घरी आले की वाटतं दरवाजा रंगवून आणलाय."

मामांना राग यायला तिथे काही कमी नव्हतं. विश्रांतीनंतर तसंच परत बसता यावं म्हणून मास्तर त्यांच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढायचे. "रस्त्यात मेलेल्या माणसाभोवती ओढतात तशी!" मामा ओरडायचे. विश्रांतीत ते ईझलांमधून फिरून चित्रं बघायचे आणि दरवेळी अपमान करून घेऊन परत यायचे. एकाने त्यांचं नाक वांग्यासारखं काढलं. एकीने कान काढलेच नाहीत. मामांनी विचारलं तर म्हणाली, "कान शेवटी घेणार आहे." "का? मी काय शेवटी ऐकायचं?"

शिकवणारे मास्तर काडीसारखे बारीक, खोकल्याने हैराण आणि नियमांचे पक्के. त्यांचे दोन नियम होते. एक, माणूस रंगवताना पॅलेटवर चारच रंग घ्यायचे: पांढरा, पिवळी माती, लाल आणि काळा. दुसरा, दिवसाचं काम त्याच दिवशी पुसायचं. वेळ झाली की मास्तर एका दमात म्हणायचे, "वर्ग संपला, खरवडा," आणि सगळे पातळ पात्याची सुरी घेऊन ओला रंग कॅनव्हासवरून खरवडून काढायचे, चिंधीने पुसायचे. दुसऱ्या दिवशी त्याच कॅनव्हासवर पुन्हा श्रीगणेशा. मामांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वांग्यासारखं नाक पुसलं गेलेलं त्यांना बरंच वाटायचं.

भांडण लागलं ते शर्टावरून.

मामांकडे एक चांगला शर्ट होता, निळा. मुलीने घेऊन दिलेला. एक दिवस तो घालून ते गेले, ओट्यावर बसले, आणि विश्रांतीला उठून बघतात तर एकाच्याही पॅलेटवर निळा रंग नाही. सगळे काळ्यात पांढरा कालवत बसलेले.

"मास्तर, माझा शर्ट कोणत्या रंगाचा आहे?"

"निळा."

"मग हे काय राख कालवतायत?"

"मामा, निळा आणायचा नाही. काळ्या-पांढऱ्याचा करडा घ्यायचा. शेजारी तांबूस अंग आलं की तोच निळा दिसतो."

"म्हणजे मी आमच्या मुकादमाशेजारी उभा राहिलो की शहाणा दिसायचो, तसं?"

वर्ग हसला. मास्तरही हसले, आणि तिथेच चुकले. मामांना स्वतःच्या विनोदावर दुसरं कोणी हसलेलं चालायचं, पण समोरचा मुद्दा सोडून हसलेला चालायचा नाही.

"हसता काय? माझ्या मुलीने निवडून घेतलेला रंग आहे तो. इतका मोठा वर्ग, आणि एका गरिबाच्या शर्टापुरता निळा नाही तुमच्याकडे? वांगी काढायला रंग आहेत!"

"मामा, बसा."

"बसतो. तुमच्यासाठी नाही. खडूच्या रेघेसाठी बसतो."

आणि ते बसले. मास्तरांचं तोंडही दिसू नये म्हणून मान खिडकीकडे वळवून, जबडा आवळून, कपाळावर आठी घालून बसले.

त्या दिवशी वर्गातली शिवणकाम करणारी एक ताई उशिरा आली होती. दुकानात दिवसभर मशीन चालवून ती संध्याकाळच्या वर्गाला यायची, आणि उशीर झाला की समोरच्या जागा गेलेल्या असायच्या. तिच्या वाट्याला मागचा डावा कोपरा आला. तिथून मामांचं तोंड दिसतच नव्हतं. दिसत होती ती मान, मानेवरची आडवी घडी, कानाची मागची बाजू, आवळलेल्या जबड्याचं टोक आणि गालाचा थोडासा उंचवटा. ताईने तक्रार केली नाही. जे दिसलं ते काढलं.

पुढच्या विश्रांतीत मामा उठले. पाय मोकळे करायला चालत चालत, कुणाच्याही चित्राकडे बघायचं नाही असं ठरवून, मागच्या कोपऱ्यापर्यंत गेले. आणि तिथे त्यांचा बाप होता.

हे जरा नीट सांगायला हवं. मामांचा बाप वीटभट्टीवर विटा वाहायचा. मामा अगदी लहानपणापासून त्याच्यामागून चालायचे, डोक्यावर जमतील तेवढ्या विटा घेऊन, जरासे डाव्या अंगाला, कारण उजवीकडून गाढवं यायची. बाप पुढे, पोर मागे. बाप मुलखाचा तिरसट. त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. मुकादमाशी भांडण झालं की मान ताठ करून जबडा आवळून चालायचा, आणि भांडण तर रोजचंच. मामा जाणते व्हायच्या आतच तो गेला. फोटो नव्हता. आई म्हणायची, "तू अगदी तुझ्या बापासारखा," म्हणून मामा आरशात बघायचे, पण आरशात मामाच असायचे. वर्षं गेली तसा चेहरा पार पुसला. उरली ती फक्त मागून दिसणारी मान. पुढे तीही पुसत गेली, आणि हे मामांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बापाचा चेहरा विसरलो, हे काय सांगायचं असतं?

आणि आता तो समोर होता. तीच मान, तोच कान, जबड्याचं तेच हट्टी टोक. स्वतःची ही बाजू माणसाला आरशात कधी दिसत नाही, त्यामुळे आपण ती बापाकडून जशीच्या तशी घेतली आहे हे मामांना कळणार कसं? रंगही तेच. चुना, माती, वीट आणि कोळसा. भट्टीवर यापलीकडे रंग नव्हतेच. आणि शर्टाची कॉलर? काळ्या-पांढऱ्याचा कालवलेला राखाडी रंग, पण मानेच्या तांबूस रंगाशेजारी खरंच निळा दिसत होता. धुऊन धुऊन विटलेला निळा. बापाचा होता तसा.

ताईने विचारलं, "काय मामा, कान नीट आलाय ना?" मामांनी मान हलवली. वर्ग सुटल्यावर हे मागून घ्यायचं, असं मनाशी ठरवून ते परत ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच खुंटा हलत होता. मास्तर दोनदा म्हणाले, "मामा, मान." 

वेळ झाली. मामा पडद्यामागे चपला घालायला गेले, आणि गुडघ्यांमुळे चपला घालायला त्यांना जरा वेळच लागायचा.

"वर्ग संपला, खरवडा."

एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन मामा पळत बाहेर आले तेव्हा ताई चिंधीने कॅनव्हास पुसत होती. कॅनव्हासवर चिखलाच्या रंगाचा फराटा. बाकी काही नाही.

"अहो, काय केलंत हे!"

"खरवडलं, मामा. रोजच खरवडतो ना?"

"माझा बाप होता तो!"

खोलीत कोणाला काही कळेना. मामांनी तोडकंमोडकं सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज असा चढला की रस्त्यावरचे लोक थांबले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर मात्र शांतपणे म्हणाले, "मामा, वाईट वाटतं. पण नियम मी उगाच केलेला नाही. तरुणपणी मी रंगवलेलं एक डोकं फार छान जमलं होतं. ते मी जपून ठेवलं, आणि पुढे आयुष्यभर तेच एक डोकं काढत बसलो. या पोरींचं, या माणसांचं तसं होऊ देणार नाही."

"तुमचं डोकं जपलंत आणि माझा बाप पुसलात? वा रे न्याय!"

मामांनी ताईच्या हातातली चिंधी ओढून घेतली, खिशात कोंबली आणि एका पायात चप्पल घालून घरी गेले.

मामींनी शर्ट धुवायला घेतला तर खिशातून रंगाने माखलेली चिंधी निघाली. निळ्या शर्टावर मोठा डाग.

"हे काय आहे?"

"वडील आहेत," मामा म्हणाले.

मामींनी चिंधीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "सासऱ्यांची आणि माझी भेट अशी व्हायची होती होय," म्हणाल्या, आणि ती चिंधी न धुता खिडकीत वाळत घातली. बरीच वर्षं संसार केलेली बाई होती ती. कुठे बोलायचं आणि कुठे नाही, तिला कळायचं.

मामांनी शाळेत जाणं बंद केलं. तिकडे मास्तर स्वतः ओट्यावर बसायला लागले. भाची येऊन सांगायची, "मामा, खोकतात हो सारखे. कोणाला तीन खांदे येतात, कोणाला एकही नाही." मामांना त्यात मोठा आनंद व्हायचा. "येऊ देत! बरोबर वांगंही काढा म्हणावं." पण भाचीने एक दिवस वेगळीच बातमी आणली. ताईच्या मुलाला परगावी काम लागलं होतं. वर्गाचं सत्र संपलं की ती गाव सोडणार होती.

मामांचा चहा तसाच राहिला. तो कोपरा, तो हात, हे सगळंच जाणार म्हणजे बाप कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी ते डागाचा शर्ट घालून शाळेत हजर.

"मास्तर, मी बसतो. ताई पुन्हा तेच काढेल. आणि ते खरवडायचं नाही."

"काढू दे. पण खरवडायचं."

"बघू."

"बघा."

आणि मग सुरू झाली ती मोठी फजिती. ताई मागच्या डाव्या कोपऱ्यात, मामा खडूच्या रेघेत, मान खिडकीकडे, सगळं तसंच. ताईने जीव ओतला. विश्रांतीत मामा धावत जाऊन बघतात तर कॅनव्हासवर एक गरीब, गोड म्हातारा पाठमोरा बसलेला. 

"हा कोण?"

"तुम्हीच, मामा."

"हो, मीच आहे. मला काय करायचाय मी? खरवडा!"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वर्ग संपला म्हणायच्या आधी मामाच म्हणायचे, खरवडा. ताई काळ्यात लाल जास्त घालून बघायची, पिवळी माती कमी करून बघायची. मान हुबेहूब यायची, बाप यायचा नाही. आता बाप भेटणार म्हणून मामा जे आशेने, शहाण्यासारखे, मऊ होऊन बसायचे, तशी मान त्यांच्या बापाने जन्मात कधी धरली नव्हती. पण हे ना ताईला ठाऊक, ना मामांच्या डोक्यात येत होतं.

सत्राचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशीही कॅनव्हासवर गोड म्हातारा. उजेड उतरला. ताई ब्रश धरून नुसतीच उभी होती. मामा ओट्यावरून उतरून दाराकडे निघाले होते. मास्तर, तेही थकलेले, घड्याळ बघून म्हणाले, "मामा, सोडून द्या आता. एका मानेपायी एवढं? बाप म्हणजे काय फक्त मान असते?"

मामा जागच्या जागी उभे राहिले. पाठ ताईकडे, तोंड मास्तरांकडे.

"फक्त मान? फक्त मान म्हणता? ऐका मग. भट्टीच्या मालकाने एकदा फोटो काढायला माणूस बोलावला. सगळ्या कामगारांचा. मागे विटांचा ढीग बरा दिसेना म्हणून पडदा धरायचा होता, पांढरा. तर म्हणाला, तू धर. माझ्या बापाला! का, तर याचे कपडे मळलेले. आणि बाप पडद्यामागे हात वर करून उभा राहिला. तो फोटो मालकाच्या खोलीत होता, मी बघितलाय. सगळे आहेत त्यात. गाढवसुद्धा आहे एक! माझ्या बापाची काय आहेत तर बोटं! पडद्याच्या कडेला, वर, चार बोटं! एवढाच माझा बाप या जगात शिल्लक राहिला, आणि त्यावर तुमची ताई येते, मान देते, कान देते, कॉलर देते, आणि तुम्ही... तुम्ही म्हणता खरवडा!"

मामांचा श्वास संपला. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून ताईचा दबका आवाज आला.

"मामा, वळू नका. अजून थोडं भांडा."

मास्तरांनी मामांच्या खांद्यावरून कोपऱ्यात पाहिलं. ताईचा ब्रश कॅनव्हासवर सपासप चालला होता. काळ्यात बुडवलेल्या लालाचा एक फटकारा जबड्याखाली, पिवळ्या मातीचा एक कानामागे. मास्तर आयुष्यभर हेच शिकवत आलेले. त्यांना काय चाललंय ते कळायला कितीसा वेळ लागणार?

"भांडायचं काय त्यात?" मास्तर एकदम कडक आवाजात म्हणाले. "मालकाचं बरोबरच होतं. फोटोला पडदा लागतो. कोणीतरी धरायला नको?"

"काय म्हणालात?"

"म्हणालो, चांगला धरला असेल. चार बोटं तरी सरळ आली ना?"

"मास्तर, तुमचा खोकला बघून मी इतके दिवस गप्प होतो!"

"गप्प? तुम्ही? शर्टासाठी वर्ग डोक्यावर घेणारे तुम्ही?"

"घेणार! पुन्हा घेणार! माझा शर्ट निळाच आहे!"

"राखाडी आहे!"

"निळा!"

असं ते जुंपलं, की भाची झाडू टाकून धावत आली आणि दोघांच्या मधे उभी राहायला निघाली. ताईनेच तिला हाताने अडवलं. मग ताईने ब्रश खाली ठेवला, आणि ठेवल्याचा आवाज झाला. मास्तर वाक्याच्या मधेच थांबले. "बघा जाऊन," म्हणाले, आणि त्यांना जो खोकला आला तो बराच वेळ थांबला नाही.

मामा गेले. बाप होता. मुकादमाशी भांडून निघालेला, मान ताठ, जबडा आवळलेला, कोणाच्या बापाला न भिणारा.

मामा ताईच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मधेच थांबवून तो स्वतःच्या मानेवर फिरवला. घडी जिथे होती तिथे.

सगळा वर्ग आता मास्तरांकडे बघायला लागला. सुऱ्या हातात, चिंध्या तयार. बाकीच्यांची चित्रं तर खरवडायचीच होती. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. टोपी घेतली, छत्री घेतली, खिडक्या लावल्या आहेत का ते तपासलं आणि दारापर्यंत गेले. तिथून वळून म्हणाले, "मी अजून वर्ग संपला म्हटलेलं नाही." आणि तसेच जिना उतरून गेले.

ते वाक्य त्यांनी त्या सत्रापुरतं पुढे कधीच म्हटलं नाही. नियम मोडला असं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

आता ओला कॅनव्हास घरी न्यायचा कसा? तेलाचा रंग, बोट लागलं तरी फासणार. मामांच्या गुडघ्यांचा भरवसा नाही. शेवटी भाचीने तो पाठीमागच्या लाकडी चौकटीला धरून खांद्यावर घेतला, रंगाची बाजू मागे करून, म्हणजे तिच्या कपड्यांना लागायला नको. आणि ती पुढे निघाली.

मामा मागून चालत होते. जरासे डाव्या अंगाला.

"हळू चाल! खांब आहे पुढे, दिसत नाही का? अगं, त्या सायकलवाल्याला आधी जाऊ दे! अहो सायकलवाले, डोळे घरी ठेवलेत का? ओला आहे माझा बाप!"

सायकलवाला घाबरून खाली उतरला. रस्त्यातली माणसं बाजूला झाली. आणि त्या मोकळ्या झालेल्या वाटेवरून बाप पुढे, पोर मागे, असे दोघे तणतणत घरापर्यंत गेले.